नवीन गावात फजिती व्हायची तेव्हा डोकं जागं असायचं, आता सवय झाली आणि पुन्हा झोपलं. कुणाचं असं झालंय का?

वडगावचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, म्हणून आधी थोडं पाल्हाळ लावतो, सांभाळून घ्या.

मी मूळचा वाईचा. मागच्या जूनमध्ये उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम मिळालं म्हणून बेळगावला आलो आणि वडगावात एका विणकराच्या घरी माडीवर खोली घेतली. खाली चार पॉवरलूम, वर मी. घरमालकीण अक्का (गल्लीत सगळेच अक्का म्हणतात म्हणून मी पण) एकाच वाक्यात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलते, वाक्य कुठल्या भाषेत संपेल ते शेवटपर्यंत कळत नाही.

त्याआधी पुण्यात वर्षभर मी मोबाईलवरच्या ॲपवर ध्यान करायचो. रोज दहा मिनिटं, ३१२ दिवसांचा स्ट्रीक होता, हसू नका. इथं पहिल्याच सकाळी डोळे मिटून बसलो आणि खाली माग सुरू झाले. ज्यांनी पॉवरलूम ऐकला नाही त्यांना कसं सांगू, आवाज कानात येत नाही, फरशीतून पायात येतो, तांब्यातलं पाणी सुद्धा थरथरतं. ॲपमधली बाई म्हणायली श्वासाकडे लक्ष द्या आणि खालून खटाक खटाक खटाक. तिसऱ्या दिवशी स्ट्रीक तुटला, त्यानंतर ॲप उघडलंच नाही.

मग फजित्यांची रांग लागली.

पहिल्याच आठवड्यात पहाटे पावणेपाचला गल्लीत कुणीतरी ओरडलं "नीर बंत्री!" मी अर्धवट झोपेत, मला ऐकू आलं 'मंत्री'. म्हटलं एवढ्या पहाटे कोण मंत्री आला, इलेक्शन पण नाही, आणि कूस बदलून झोपलो. नंतर कळलं की त्याचा अर्थ पाणी आलंय. तेव्हा आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. पुढचे चार दिवस अक्काच्या हौदातून उसनी बादली घेऊन जिने चढलो. गंमत अशी की एका बादलीत अंघोळ, तोंड धुणं, चहा, भांडी सगळं बसवायचं म्हटल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा तांब्याने अंगावर पाणी नीट ओतलं. म्हणजे पाणी खांद्यावरून कुठं जातंय हे मला माहीत होतं.

बंबाची गोष्ट थोडक्यात सांगतो कारण अजून लाज वाटते. पाणी न भरता जाळ घातला. तोटीचा डाग, म्हणजे जोड, सुटला. अक्का काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, ते बोलण्यापेक्षा वाईट.

आणि बस. एका रविवारी ऑफिसातल्या मित्राच्या लग्नाला हुक्केरीला जायचं होतं. आदल्या रात्रीच यूट्यूबवर कन्नड अक्षरं शिकायला बसलो होतो, त्यातलं 'हु' एकदम पक्कं झालं होतं. स्टँडवर पाटीवर 'हु' दिसला, बसलो, स्वतःवर खूश. कानात हेडफोन. कंडक्टर काहीतरी म्हणाला, मी मान हलवली, पाचशेची नोट दिली. डोळे उघडले तेव्हा हिरेबागेवाडीचा टोल गेला होता. बस हुबळीची होती. हुक्केरी उत्तरेला आणि मी हायवेने दक्षिणेला, नवीन कोरा शर्ट घालून, मांडीवर आहेराचं पाकीट. कंडक्टरने फाट्यावर उतरवताना म्हटलं "सावकाश इळीरी". दुसरा शब्द कळला नाही पण पहिला आपलाच निघाला.

तिथं पत्र्याच्या टपरीत उलट्या बसची वाट बघत तासभर बसलो. पाऊस. मोबाईलची बॅटरी संपलेली. सुरुवातीची दहा मिनिटं नुसता स्वतःवर चिडत होतो, मग चिडायचं पण संपलं. चहावाला प्रत्येक ग्लास गरम पाण्यात फिरवायचा, उपडा करायचा आणि शेवटचा थेंब झटकायचा, आणि झटकताना त्याची मान पण तेवढीच वळायची. प्रत्येक वेळी. मी चाळीसेक ग्लास बघितले असतील. ३१२ दिवसांत एकदाही एवढा शांत बसलो नव्हतो, आणि मी काही करत पण नव्हतो.

शेवटचं एक सांगतो. लाईट. लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात. एखादा आधी एखादा नंतर असं नाही, एकदम. त्या क्षणी कळतं की आपण इतका वेळ खांदे वर उचलून बसलो होतो. ते खाली येतात. मग शेजारच्या घरात कपबशी ठेवल्याचा आवाज येतो, कुणीतरी खोकतं, कुठंतरी हाताच्या रहाटावर कांड्या (सुताच्या नळ्या) भरणं चालूच असतं ते ऐकू येतं. सुरुवातीला लाईट गेली की मी काम सोडून नुसता बसायचो.

आता मुद्दा. दहा महिने झाले. आता सगळं माहितीय. पाटी न बघता बसमध्ये चढतो. लाईट गेली की मोबाईलचा टॉर्च लावतो आणि रील बघत बसतो. परवा तर पहाटे उठून पाणी भरलं आणि सकाळी भरल्याचं आठवेचना, पुन्हा टाकीचं झाकण उघडून बघितलं तर काठोकाठ. म्हणजे भरलं कुणी? मीच.

तर प्रश्न असा की ते जे जागेपण होतं ते फक्त नवखेपणाचं होतं का? दर वर्षी गाव बदलत हिंडायचं काय? का फजिती न होता पण ते टिकवता येतं? ज्यांनी बदलीच्या नोकऱ्या केल्यात त्यांनी प्लीज सांगा.

कॅम्पातला_किट्टू

सोपं हाय की गा. दर रविवारी हुबळीच्या बशीत बस आणि हुक्केरीचं तिकीट माग. कंडक्टरच तुला जागं करतोय बघ 😂

जोक सोड, पण बंबाचं वाचून लई हसलो. आमच्याकडं नवीन जावई येतो तेव्हा बंब त्याच्या हातात देतच नाहीत.

निपाणीकर_साधक

मित्रा, छान लिहिलंयस. मी इगतपुरीला धम्मगिरीवर तीन वेळा विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं केलीत, त्यामुळे थोडं त्या अंगाने बोलतो, उपदेश वाटला तर सोडून दे.

तुला टपरीत जे झालं ते खरं होतं, त्यात वाद नाही. पण ते फुकट मिळालेलं होतं. डोक्याला जेव्हा पुढं काय होणार ते माहीत नसतं तेव्हा ते आपोआप डोळे उघडतं, जनावराचं पण तसंच असतं, नवीन गोठ्यात म्हैस पहिले दोन दिवस कान टवकारून उभी असते. त्याला साधना म्हणता येत नाही. साधना सुरू होते ती कंटाळा आल्यावर. शिबिरात पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीशी येणारा जाणारा श्वास बघायचा असतो, दुसरं काही नाही, विपश्यना शिकवतात ती चौथ्या दिवशी. पहिला दिवस नवलाईत जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी वाटतं की आपण वेडे झालोय, याच श्वासात बघायचं काय आहे. माझ्या मते तुझा दहावा महिना म्हणजे ती दुसऱ्या दिवसाची दुपार आहे. आता कुठं सुरुवात होतीय आणि तू म्हणतोस संपलं.

अजून एक. ज्याला आजकाल माइंडफुलनेस म्हणतात त्यासाठी पालीत शब्द आहे सति, संस्कृतातला स्मृति. म्हणजे मूळ अर्थ आठवण. मला हे कळलं तेव्हा बराच उलगडा झाला. शांत वाटणं हा त्याचा अर्थच नाही, आपण कुठं आहोत आणि काय करायलोय याची आठवण राहणं. तुला पाणी भरल्याचं आठवलं नाही म्हणतोस ना, नेमकं तेच.

आणि मी फार पोचलेला आहे असं समजू नकोस. पहिलं शिबिर करून आलो, नऊ दिवस मौन, पहाटे चारची घंटा, शेवटच्या दिवशी सगळ्या जगासाठी मंगल मैत्री, आणि निपाणी स्टँडवर उतरताना पाच रुपये सुट्ट्यांवरून कंडक्टरशी पंधरा मिनिटं भांडलो. मधेच एकदा लक्षात आलं की आपण भांडतोय. तरी भांडण पुरं केलं 🙏

एकच सुचवतो. सगळा दिवस जागं राहायच्या भानगडीत पडू नको. एक गोष्ट धर. नळाची चावी फिरवताना हाताला ती गार लागते का, एवढंच.

शहापूरची_लेक

दादा, राग मानू नका, पण वाचताना मला दोन ठिकाणी जरा टोचलं, ते सांगतेच.

माझी आई गेली तीस-बत्तीस वर्षं पाण्यासाठी रात्री उठतीय. कधी दोनला, कधी साडेतीनला. ती झोपते ती एक कान उघडा ठेवून. नळाला आधी हवा येते, सूंऽऽ असा आवाज, मग दोन उचक्या, मग लालसर पाणी, आणि मग चांगलं. त्या सूंऽऽ वर ती उठते, आम्ही पोरं घागरी आपटल्यावर उठायचो. तुम्ही चार दिवस एका बादलीत भागवलंत आणि तुम्हाला पाणी खांद्यावरून जाताना दिसलं, चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुमची फजिती झाली ती तुम्हाला फार महागात पडली नाही म्हणून त्यातून काहीतरी सापडलं. आईला त्यातून मिळाली ती गुडघेदुखी आणि दुपारची डुलकी. आमच्याकडं जुलैत पेपर आला की आधी राकसकोपचं धरण किती भरलं ते बघतात, मग बाकीच्या बातम्या. अहो १९२४ साली गांधीजी अध्यक्ष होते ते काँग्रेसचं अधिवेशन इथं टिळकवाडीत भरलं तेव्हा सुद्धा पाण्यासाठी खास विहीर खोदावी लागली, अजून तिला काँग्रेस विहीरच म्हणतात. म्हणजे बेळगावात पाहुणा यायचा म्हणजे आधी पाण्याचं बघायचं हे शंभर वर्षांचं आहे 😄 त्यामुळे कुणी गैरसोयीला गुरू वगैरे म्हणायला लागलं की मला आईचा चेहरा दिसतो. (तुम्ही तसं म्हणाला नाहीत, माहितीय.)

दुसरं म्हणजे तुम्ही म्हणता सवय झाली की डोकं झोपतं. हे मला पटत नाही. माझे बाबा पण माग चालवायचे, चाळीस वर्षं. चार माग एकदम चालू, शेजारी माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही इतका गोंगाट, आणि बाबा पाठ करून कांडी बदलत असले तरी मागच्या कुठल्या मागाचा ठेका बिघडलाय ते त्यांना कळायचं. वळून न बघता म्हणायचे, तिसरा बघ. आम्हाला सगळं सारखंच खटाक खटाक. आता सांगा, त्यांना त्या आवाजाची सवय झाली होती का नव्हती? आमच्यापेक्षा जास्तच झाली होती. तरी ते झोपले नव्हते. उलट मी नवखी होते तेव्हा मला नुसता आवाज ऐकू यायचा, त्यांना त्यातला एकेक धोटा (आडवा धागा नेतो तो) ऐकू यायचा.

तुम्ही दहा महिने त्याच घराच्या माडीवर राहताय. खाली कधी जाऊन बसलात का?

वडगावचा_पाहुणा

@शहापूरची_लेक ताई, राग कसला. खरंय. मी पोस्ट लिहिताना पाणी यायचं ते माझ्यासाठीच येतं असं लिहिलंय, आता परत वाचल्यावर दिसलं. अक्का माझ्याआधी उठलेली असते हे मी लिहिलंच नाही. ती दर वेळी माझ्या जिन्याचा लाईट लावून ठेवते.

आणि नाही, खाली बसलो नाही कधी. भाडं द्यायला जातो, उंबऱ्यात उभा राहतो, विणकर काका मान हलवतात, मी वर येतो. त्यांचे चार माग मला अडथळा म्हणूनच माहीत आहेत. जाऊन बघतो.

@निपाणीकर_साधक सुट्ट्या पैशांचं वाचून बरं वाटलं, उगच वाटायचं की मीच असा आहे.

पुस्तकी_किडा_हिंडलगा

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडी पोपटपंची सहन करा.

हे नवीन खूळ नाही. १९७९ साली जॉन कबाट-झिन नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला, जुनाट दुखण्याने गांजलेल्या पेशंटसाठी. त्यात सुरुवातीलाच एक व्यायाम असतो, एक मनुका घ्यायचा आणि तो आधी कधी बघितलाच नाही असं समजून बघायचा, बोटात फिरवायचा, कानाशी न्यायचा, वास घ्यायचा आणि मग हळू खायचा. म्हणजे ओळखीच्या वस्तूला मुद्दाम अनोळखी करायचं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं, गाव बदलायची गरज नाही, मनुका बदलत नाहीत ते लोक.

हार्वर्डच्या एलेन लँगर बाई तर म्हणतात मांडी घालून बसायची पण गरज नाही, माइंडफुलनेस म्हणजे नवीन काहीतरी लक्षात घेणं, बस. रोजच्या माणसात, रोजच्या रस्त्यात आज काय वेगळं दिसतंय ते शोधायचं. परक्या गावात हे शोधावं लागत नाही, अंगावर येतं. घरी शोधावं लागतं.

आणि लक्ष भरकटतं याचा फार अपराध मानू नका. २०१० साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी सुमारे २,२५० लोकांना फोनवरून अधूनमधून विचारलं की आत्ता काय करताय आणि मनात काय चाललंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन भलतीकडंच होतं. आणि मन भलतीकडं असताना लोक कमी खूश होते, गोड गोष्टींचा विचार चालू असला तरी हातातल्या कामात असण्यापेक्षा जास्त खूश नव्हते.

एक सावधगिरी मात्र सांगतो, कारण वर्गातली पोरं इथं घोळ करतात. नव्या जागी छातीत धडधड होणं, झोप तुटणं, सारखं काहीतरी चुकेल म्हणून टपून राहणं, याला पण लोक मी किती सजग आहे म्हणतात. ते टेन्शन आहे. तुमची टपरी आणि तुमचा पहिला आठवडा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. टपरीत तुम्ही चिडून झाल्यावर शांत झालात, त्या 'झाल्यावर' मध्ये सगळं आहे.

कॅम्पातला_किट्टू

सर, मनुका कशाला, बेळगावात राहून. कुंदा घ्या की. पण कानाशी नेऊ नका, चिकटतोय.

मी करून बघितलं आत्ताच. पहिला चमचा सावकाश खाल्ला, जिभेवर आधी तो जळका खमंगपणा येतोय आणि मग गोड, हे खरंच आधी कधी कळलं नव्हतं. दुसऱ्या चमच्याला विसरलो. पाव किलो संपला.

खानापूरची_बाई

उशिरा आले, पण माझ्या आवडीचा विषय निघालाय म्हणून लिहिते. मी मूळची खानापूरची, नोकरीची पहिली सहा वर्षं अथणी तालुक्यातल्या एका खेड्यात काढली. खानापूर म्हणजे जुलैत दारात बेडूक, कणकुंबीकडं तर पाऊस महिनाभर थांबायचं नाव घेत नाही, आणि तिकडं गेले तर उन्हाने भेगाळलेलं सगळं रान. जिल्हा तोच बरं का. पण मला परदेशात आल्यासारखं झालं.

पहिल्या दिवशी एका विद्यार्थ्याच्या घरी जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, एण्णेगाई म्हणजे आपली भरली वांगी. पोट भरल्यावर मी मोठ्या तोऱ्यात माझं नवीन शिकलेलं कन्नड काढलं आणि हात आडवा करून म्हटलं "बेकु, बेकु". बेड म्हणजे नको आणि बेकु म्हणजे हवं. त्या माऊलीने आणखी एक भाकरी वाढली. मी अजून जोरात बेकु. आणखी एक. तिला पण प्रश्न पडला असेल की बाई हाताने नको म्हणते आणि तोंडाने हवं, पण पाहुण्याच्या तोंडाला मान दिला तिने. शेवटी एका पोराने हसत कानात सांगितलं, टीचर, साकु म्हणा, साकु. म्हणजे पुरे. तो शब्द जन्मात विसरणार नाही. ताटात टाकायचं कसं म्हणून ती शेवटची भाकरी मी इतकी हळू खाल्ली की तिच्या कडेचा पापुद्रा वेगळा लागतो आणि मधला भाग वेगळा हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडं भाताचं राज्य, भाकरीकडं एवढं बघितलंच नव्हतं कधी.

अजून एक, शाळेतल्या मॅडम मला स्कूटीवर मागं बसवून न्यायच्या आणि खड्डा आला की स्वतःशीच म्हणायच्या "निधान, निधान". मी मागं जीव मुठीत धरून, मला वाटायचं ही बाई निधन निधन काय म्हणतीय. महिनाभराने विचारलं. निधान म्हणजे हळू 😅

आता वडगावच्या पाहुण्यांना एक प्रश्न. दहा महिन्यांत सगळं माहिती झालं म्हणता. कन्नड येतं का? वाचता येतं? 'हु' च्या पुढं गेलात का? अहो वर्णमाला आपलीच आहे, क ख ग घ त्याच क्रमाने, फक्त अक्षरं गोल. मला सहा वर्षांत बोलता आलं, वाचता आलं, तरी शेवटच्या महिन्यात सुद्धा बायका अंगणात बसून हसायच्या त्यातला निम्मा विनोद कळायचा नाही. तुम्ही पाटी न बघता बसमध्ये चढता ते पाटी कळते म्हणून नाही, तुम्ही रोज एकाच बसने जाता म्हणून. जरा गल्ली बदला. तुमचं गाव अजून संपलेलं नाही, तुम्ही त्यात हिंडायचे थांबलाय.

निपाणीकर_साधक

@खानापूरची_बाई "साकु" वरून आठवलं, आमच्या घरी आजी ताटावर हात धरल्याशिवाय वाढायची थांबायची नाही, तोंडाने कितीही पुरे म्हणा. तुमची माऊली उलटी निघाली, तिने तोंडावर विश्वास ठेवला.

बाकी तुमचा शेवटचा मुद्दा मला माझ्या पोस्टपेक्षा जास्त पटला. मी कंटाळ्यात बसायला सांगितलं, तुम्ही उठून हिंडायला सांगितलं. बहुतेक दोन्ही लागतं, पण याला आधी हिंडायची गरज दिसतीय.

वडगावचा_पाहुणा

मंडळी, आठवडा झाला, अपडेट देतो.

बाई, 'हु' च्या पुढं गेलो नव्हतो हे खरं. आता अक्काच्या नातीकडं शिकायलोय, ती दुसरीत आहे आणि लई कडक आहे, काल अक्षर चुकलं म्हणून दहा वेळा लिहायला लावलं.

आणि खाली जाऊन बसलो. रविवारी नाही, चालू दिवशी, सुट्टी टाकून. काकांना आधी काही कळेना हा भाडं देऊन पण का जात नाही. मग त्यांनीच एक स्टूल सरकवला. पहिला अर्धा तास डोकं फुटायची वेळ आली. शहापूरच्या ताईंनी सांगितलं होतं तसं आवाजातून एकेक माग वेगळा करायचा प्रयत्न केला, काही जमेना, नुसती भिंत. मग काकांनी तोंडाने नाही, बोटाने दाखवलं. स्वतःच्या मांडीवर बोट आपटत पहिल्या मागाचा ठेका धरला, मग दुसऱ्याचा. दुसरा किंचित लंगडतो. एकदा लंगडणं कळलं की तो सापडतो, मग तो हातातून सुटला तरी परत सापडतो. बाकीचे तीन अजून एकच आहेत माझ्यासाठी.

त्या तासाभरात काकांनी तीन वेळा माग थांबवला, तिन्ही वेळा मला काही ऐकू आलं नव्हतं. चौथ्या वेळी मला वाटलं काहीतरी बदललं, मी हात वर केला. काका माग थांबवून वाकून बघून आले. म्हणाले, ताणा (उभा धागा) तुटला न्हाई, पट्टा ढिला झालाय. आणि पान्हा आणायला गेले, जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारून.

सकाळी वर खोलीत बसलो की आता आवाज तेवढाच येतो. पण दुसरा कुठला ते कळतं.

काल लाईट गेली तेव्हा टॉर्च लावला नाही. पाच मिनिटं. मग लावला, खोटं कशाला बोलू.

अजून लिहिणार होतो पण खाली अक्का ओरडायली, नीर बंत्री. आलो.

कॅम्पातला_किट्टू

कोण मंत्री आले गा? 😂